मेटा शब्दकोडे

मेटा शब्दकोडे हा शब्दकोड्याचा एक प्रकार आहे. या प्रकारात चौकटीतील सर्व आडवे व उभे शब्द भरून झाले, तरी कोडे सुटलेले नसते. भरलेली चौकट, शोधसूत्रे, शीर्षक आणि सोबतची सूचना यांत आणखी एक उत्तर दडवलेले असते. ते बहुधा एखादा शब्द, नाव किंवा वाक्प्रचार असते आणि त्याला ‘मेटा उत्तर’ किंवा ‘अंतिम उत्तर’ म्हणतात. हे उत्तर कोणत्याही एका शोधसूत्राने विचारलेले नसते. ते कसे काढायचे हेही सांगितलेले नसते. रीत शोधून काढणे हाच कोड्याचा मुख्य भाग असतो.

हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेत, इंग्रजी भाषेत विकसित झाला. २००८ नंतर त्याला साप्ताहिक स्पर्धांचे स्वरूप आले. ब्रिटनमधील ‘द लिसनर’ शब्दकोडे आणि अमेरिकेतील विद्यापीठीय कोडेशोध स्पर्धा हे त्याचे जवळचे पूर्वसूरी मानता येतात.

## नाव

‘मेटा’ हा मूळ ग्रीक उपसर्ग असून त्याचा अर्थ ‘नंतरचा’ किंवा ‘पलीकडचा’ असा होतो. अनेक कोड्यांची उत्तरे एकत्र करून ज्याचे उत्तर काढावे लागते, अशा कोड्याला कोडेशोध स्पर्धांमध्ये ‘मेटा कोडे’ म्हटले जाते. शब्दकोड्यांच्या क्षेत्रात हा शब्द एकाच चौकटीच्या संदर्भात वापरला जातो. तेथे चौकटीतील निवडक उत्तरे ही कच्ची सामग्री आणि त्यांच्यापासून निघणारे शेवटचे उत्तर हे मेटा, असा अर्थ होतो.

## साध्या शब्दकोड्याहून वेगळेपण

अमेरिकी पद्धतीच्या शब्दकोड्यात प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या अशा दोन शब्दांत येते. त्यामुळे एखादा शब्द चुकला तर त्याला छेदणारे शब्द जुळत नाहीत आणि चूक उघडी पडते. सोडवणाऱ्याला चौकटच साक्ष देत असते.

मेटा उत्तराला अशी साक्ष नसते. ते चौकटीच्या बाहेर असते आणि त्याला छेदणारा शब्द नसतो. सापडलेली आकृती रचनाकाराने मुद्दाम ठेवली आहे की ती निव्वळ योगायोगाने दिसते आहे, हे सोडवणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. पंधरा गुणिले पंधरा घरांच्या चौकटीत काळी घरे वगळता साधारण १९० अक्षरे असतात. इतक्या अक्षरांत कोणत्या ना कोणत्या दिशेने काहीतरी अर्थपूर्ण वाचता येतेच. म्हणून हेतू आणि योगायोग यांतील भेद ओळखणे हे सोडवणाऱ्याचे, आणि तो भेद स्पष्ट राहील अशी रचना करणे हे रचनाकाराचे मुख्य काम ठरते.

## इतिहास

### पार्श्वभूमी

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी झाला, असे मानले जाते. मूळचे लिव्हरपूलचे पत्रकार आर्थर विन यांचे ‘वर्ड-क्रॉस’ नावाचे कोडे त्या दिवशी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेत या खेळाची लाट आली. ‘द न्यू यॉर्क टाइम्स’ने १५ फेब्रुवारी १९४२ पासून रविवारचे शब्दकोडे सुरू केले. मार्गारेट फरार या त्याच्या पहिल्या संपादक होत्या.

### ब्रिटनमधील ‘द लिसनर’ कोडे

बीबीसीच्या ‘द लिसनर’ या नियतकालिकात १९३० पासून एक अवघड शब्दकोडे प्रसिद्ध होऊ लागले. १९९१ मध्ये नियतकालिक बंद पडल्यावर हे कोडे ‘द टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात आले. त्याच्या चौकटीत सहसा काळी घरे नसतात. शब्दांच्या सीमा जाड रेषांनी दाखवलेल्या असतात. शोधसूत्रांत मुद्दाम ठेवलेल्या मुद्रणचुका किंवा जादा अक्षरे क्रमाने जोडली की एक संदेश तयार होतो, आणि त्यानुसार भरलेल्या चौकटीत बदल करणे, काही घरे रंगवणे किंवा एखादी आकृती काढणे अशी शेवटची पायरी उरते. चौकट भरल्यानंतरही काम शिल्लक राहते, ही कल्पना येथे पूर्वीपासून रुळलेली होती.

### कोडेशोध स्पर्धा

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८१ पासून दर जानेवारीत ‘मिस्टरी हंट’ ही स्पर्धा भरते. तिची सुरुवात ब्रॅड शेफर या तेव्हाच्या संशोधक विद्यार्थ्याने केली. संघ अनेक कोडी सोडवतात, त्या कोड्यांच्या उत्तरांतून मेटा कोडी सोडवतात आणि शेवटी संस्थेच्या परिसरात लपवलेले नाणे शोधतात. विजेत्या संघाने पुढील वर्षीची स्पर्धा रचायची, असा प्रघात आहे. सूचना न देता रीत शोधायला लावणे आणि उत्तर सापडताच ते आपोआप पटणे, ही मेटा शब्दकोड्याची दोन वैशिष्ट्ये या स्पर्धांतही आढळतात.

### वृत्तपत्रांतील दडवलेले संदेश

५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, ‘द न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल यांचे एक शब्दकोडे प्रसिद्ध झाले. त्यात उद्याच्या वृत्तपत्राची मुख्य बातमी विचारली होती. सात घरांच्या त्या उत्तरात ‘क्लिंटन’ आणि ‘बॉब डोल’ ही दोन्ही नावे इंग्रजी वर्णांनुसार अचूक बसत, कारण छेदणाऱ्या सातही उभ्या शब्दांना दोन-दोन उत्तरे होती. उदाहरणार्थ, हॅलोविनशी जोडलेल्या काळ्या प्राण्याचे उत्तर ‘कॅट’ही चाले आणि ‘बॅट’ही. वृत्तपत्राने निकाल आधीच जाहीर केला असे समजून अनेक वाचकांनी संपादक विल शॉर्ट्झ यांच्याकडे तक्रारी केल्या. हे कोडे काटेकोर अर्थाने मेटा नव्हते. तरी, एकच भरलेली चौकट अंतिम नसते, हे त्याने मोठ्या वाचकवर्गाला दाखवले.

१६ नोव्हेंबर २००८ रोजी त्याच वृत्तपत्राच्या रविवारच्या कोड्यात मर्ल रीगल यांनी दोन संदेश दडवले होते. ‘द सिम्पसन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या त्या रात्रीच्या भागाचा विषय शब्दकोडी हाच होता. एकवीस गुणिले एकवीस घरांच्या चौकटीत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतची २१ अक्षरे वाचली असता होमर या पात्राने मुलगी लिसा हिच्याकडे मागितलेली माफी दिसत असे. सर्व शोधसूत्रांची आद्याक्षरे क्रमाने वाचली असता आणखी एक, बरेच मोठे पत्र मिळत असे. कोड्यात संदेश आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते.

### स्पर्धात्मक स्वरूप

अमेरिकी रचनाकार मॅट गॅफ्नी यांनी जून २००८ मध्ये दर शुक्रवारी एक मेटा शब्दकोडे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील कोडे सोपे आणि शेवटच्या आठवड्यातील सर्वांत अवघड, अशी चढती श्रेणी त्यांनी ठेवली. पुढे हा उपक्रम वर्गणीदारांसाठी चालवला जाऊ लागला. अमेरिकेत मेटा हा शब्दकोड्याचा स्वतंत्र प्रकार म्हणून रुळण्यात या उपक्रमाचा वाटा मोठा आहे.

पीटर गॉर्डन यांच्या ‘फायरबॉल क्रॉसवर्ड्स’ या वर्गणीच्या मालिकेत अधूनमधून स्पर्धेचे मेटा कोडे असते. पीट म्यूलर यांनी संगीतविषयक मासिक मेटा मालिका चालवली. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ने माइक शेंक यांच्या संपादनाखाली दैनिक शब्दकोडे सुरू केले आणि शुक्रवारचे कोडे मेटा स्पर्धेसाठी राखले. बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांतून सोडतीने निवडलेल्या एकाला वृत्तपत्राचे नाव असलेला मग मिळतो. ‘द वॉशिंग्टन पोस्ट’च्या रविवारच्या कोड्यातही इव्हान बर्नहोल्झ यांनी वेळोवेळी मेटा कोडी दिली आहेत.

## घटक

मेटा शब्दकोड्याचे चार मुख्य घटक असतात.

शीर्षक: साध्या कोड्यात शीर्षक शोभेपुरते असू शकते. मेटा कोड्यात ते बहुधा रीतीकडे बोट दाखवते. मात्र त्याचा अर्थ रीत सापडल्यावरच पूर्ण उलगडतो.

सूचना: अंतिम उत्तर कोणत्या स्वरूपाचे आहे, एवढेच सूचनेत सांगितलेले असते, उदाहरणार्थ ‘उत्तर आहे एक नदी’. सूचना जितकी नेमकी, तितके उत्तर तपासणे सोपे जाते. पण ती फार नेमकी असेल तर रीत न शोधता अंदाजाने उत्तर देता येते.

विषयशब्द: ज्या उत्तरांवर रीत लागू होते ते शब्द. इंग्रजी कोड्यांत ते बहुधा चौकटीतील सर्वांत लांब आडवे शब्द असतात आणि सममित जागी बसवलेले असतात.

भरणा: उरलेले शब्द. सोप्या कोड्यात त्यांचा रीतीशी संबंध नसतो. अवघड कोड्यात भरण्यातील लहान शब्द किंवा त्यांची शोधसूत्रेही रीतीचा भाग असू शकतात.

## रीतींचे प्रकार

मेटा उत्तर दडवण्याच्या रीतींना मर्यादा नाही. काही रीती मात्र पुन्हा पुन्हा आढळतात.

- आद्याक्षरी: विषयशब्दांची किंवा त्यांच्या शोधसूत्रांची पहिली अक्षरे क्रमाने वाचणे.
- अंतर्गत शब्द: प्रत्येक विषयशब्दात एकाच गटातील लहान शब्द दडलेला असणे, आणि उरलेली अक्षरे जोडणे.
- अक्षरबदल: विषयशब्दातील एक अक्षर बदलले, गाळले किंवा वाढवले की नवा शब्द मिळणे, आणि बदललेल्या अक्षरांतून उत्तर तयार होणे.
- जोडी लावणे: एका शोधसूत्राला चौकटीतील दुसराही शब्द उत्तर म्हणून लागू पडणे, आणि त्या दुसऱ्या शब्दांच्या अक्षरांतून किंवा क्रमांकांतून उत्तर मिळणे.
- आकृती: काळ्या घरांनी किंवा विशिष्ट अक्षराच्या घरांनी चित्र तयार होणे.
- क्रमांक: शोधसूत्रांचे किंवा घरांचे क्रमांक अर्थपूर्ण असणे.

अवघड कोड्यांत यांतील दोन किंवा अधिक रीती एकामागून एक वापरलेल्या असतात. पहिल्या टप्प्यात मिळालेले शब्द हे दुसऱ्या टप्प्याचे शोधसूत्र ठरते.

## उदाहरण

‘अंतर्गत शब्द’ ही रीत एका लहान मराठी उदाहरणाने स्पष्ट करता येते. कोड्याचे शीर्षक ‘अंग काढून घेणे’ असे असून ‘उत्तर आहे गुजरातेतील एक शहर’ अशी सूचना आहे, असे समजू. चौकटीत वरून खाली या क्रमाने पुढील चार विषयशब्द आहेत.

१. अरण्य: कानन
२. विश्वामित्राचा एक शिष्य: गालव
३. चीजवस्तू: सामान
४. जिन्याचा टप्पा किंवा आंब्याची एक जात: पायरी

पहिली अक्षरे वाचली तर ‘का, गा, सा, पा’ मिळतात. त्यांतून काही अर्थ निघत नाही. शेवटची अक्षरे वाचली तर ‘न, व, न, री’ मिळतात. ‘नवनरी’ हे कोणत्याही परिचित शहराचे नाव नाही, पण एका शहराच्या नावाच्या ते फार जवळ आहे. येथे थांबून जुळवून घेण्याचा मोह होतो.

खरी रीत शीर्षकात आहे. प्रत्येक शब्दात शरीराचे एक अंग दडलेले आहे: काननमध्ये कान, गालवमध्ये गाल, सामानमध्ये मान आणि पायरीत पाय. ते अंग काढून घेतल्यावर प्रत्येक शब्दात एकच अक्षर उरते: न, व, सा, री. उत्तर ‘नवसारी’ आहे. तिसऱ्या शब्दात अंग शेवटी असल्यामुळे उरलेले अक्षर आरंभी येते. शेवटची अक्षरे वाचणाऱ्याला म्हणूनच तीन अक्षरे बरोबर आणि एक चुकीचे मिळाले होते.

या उत्तराबद्दल शंका उरत नाही, याची कारणे मोजता येतात. चारही शब्दांना एकच नियम लागू पडतो, एकही अक्षर वाया जात नाही, क्रम बदलावा लागत नाही, मिळालेला शब्द सूचनेत बसतो आणि शीर्षकाचा अर्थ लागतो. ‘नवनरी’तून अंदाजाने ‘नवसारी’कडे पोहोचणाऱ्यालाही उत्तर बरोबरच मिळाले असते. पण एक अक्षर का बदलायचे, याचे कारण त्याच्याकडे नसते.

## सोडवण्याची पद्धत

पहिली पायरी चौकट पूर्ण आणि अचूक भरण्याची असते. साध्या कोड्यात एक अक्षर चुकले तर नुकसान थोडे असते. मेटात नेमके तेच अक्षर रीतीचा भाग असू शकते.

त्यानंतर अनुभवी सोडवणारे पुढील गोष्टी पाहतात.

विचित्रपणा: एखाद्या शोधसूत्राची भाषा अकारण लांबलेली किंवा अवघडलेली आहे का, सोपा शब्द बसत असताना दुर्मीळ शब्द का वापरला आहे, चौकट नेहमीपेक्षा मोठी किंवा असममित का आहे, असे प्रश्न विचारले जातात. रचनाकाराने जेथे रूढ मार्ग सोडला, तेथे त्याला काहीतरी साधायचे असण्याची शक्यता जास्त असते.

संख्या: अंतिम उत्तर किती अक्षरांचे असेल याचा अंदाज विषयशब्दांच्या संख्येवरून येतो. पाच विषयशब्द असतील तर प्रत्येकातून एक अक्षर मिळून पाच अक्षरी उत्तर तयार होण्याची शक्यता आधी तपासली जाते.

शीर्षकाचे पुनर्वाचन: नवी कल्पना सुचली की ती शीर्षकाशी पडताळली जाते.

उलट दिशेने शोध: सूचनेत बसणाऱ्या संभाव्य उत्तरांची यादी करून कोणते उत्तर चौकटीशी जुळते ते पाहिले जाते. उत्तर अमेरिकेतील राज्य असेल तर पन्नासच शक्यता असतात. या मार्गाने उत्तर सापडले तरी त्यामागची रीत सापडेपर्यंत ते अंदाजच मानले जाते.

चुकीच्या कल्पनेत खोल गुंतत जाण्याला इंग्रजी कोडेविश्वात ‘रॅबिट होल’, म्हणजे सशाचे बीळ, म्हणतात. पहिल्या दोन विषयशब्दांना लागू पडणारी कल्पना तिसऱ्याला लागू पडत नसेल, तर अपवाद जोडत जाण्यापेक्षा ती सोडून देणे हितकारक ठरते. खऱ्या रीतीला अपवाद लागत नाहीत. उत्तर सापडल्यावर सर्व घटक एकाच वेळी जुळल्याची जी जाणीव होते, तिला ‘क्लिक’ म्हणतात. क्लिक झाले नाही, तर उत्तर बहुधा चुकीचे किंवा अर्धवट असते.

## रचना

रचनाकार सहसा उलट क्रमाने काम करतो. आधी अंतिम उत्तर आणि रीत ठरते, मग विषयशब्द, मग चौकट आणि सर्वांत शेवटी शोधसूत्रे.

विषयशब्दांवर दोन बंधने एकाच वेळी असतात. त्यांनी रीत पाळली पाहिजे आणि चौकटीतही बसले पाहिजे. अमेरिकी चौकट साधारणपणे १८० अंशांत फिरवली तरी तशीच दिसते. त्यामुळे सममित जागांवरील विषयशब्दांची लांबी समान असावी लागते. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द चालत नाहीत. रीतीसाठी विषयशब्दांचा क्रमही ठरलेला असेल, तर पर्याय आणखी कमी होतात.

भरण्यात रीत भंग करणारा शब्द येऊ न देणे हे रचनेतील किचकट काम आहे. वरील उदाहरणात चार शब्दांखेरीज चौकटीतील एकाही शब्दात शरीराचे अंग असता कामा नये. दुकान, विमान, उपाय हे साधे शब्द त्यामुळे बाद होतात, कारण त्यांत अनुक्रमे कान, मान आणि पाय आहेत. असा एखादा शब्द राहून गेला, तर तो पाचवा विषयशब्द आहे का, असा प्रश्न सोडवणाऱ्याला पडतो आणि त्याचे उत्तर चौकटीत मिळत नाही.

चौकट भरण्यासाठी शब्दसूची असलेल्या संगणक प्रणाली वापरल्या जातात. त्या अक्षरे जुळवून देतात. अनपेक्षितपणे तयार झालेली दुसरी वाट मात्र माणसानेच शोधावी लागते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी कोडे एक किंवा अधिक परीक्षकांकडून सोडवून घेतले जाते. रचनाकाराला स्वतःची रीत ठाऊक असल्यामुळे कोड्याची काठिण्यपातळी त्याला स्वतःला अचूक ठरवता येत नाही. परीक्षक कोठे अडले आणि कोणत्या चुकीच्या वाटेने गेले, यावरून शीर्षक किंवा सूचना बदलली जाते.

## योगायोग आणि हेतू

शब्दकोड्यात हेतू नसतानाही संदेश दिसू शकतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. मे १९४४ आणि जूनच्या पहिल्या दिवशी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मधील शब्दकोड्यांत ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबरी’ आणि ‘नेपच्यून’ ही उत्तरे येऊन गेली. ६ जून १९४४ रोजी झालेल्या नॉर्मंडीवरील चढाईशी संबंधित ती गुप्त सांकेतिक नावे होती. कोड्यांचे रचनाकार लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. ब्रिटिश गुप्तचर खात्याने त्यांची चौकशी केली, पण हेरगिरीचा पुरावा मिळाला नाही. डॉ आपल्या विद्यार्थ्यांकडून चौकटी भरून घेत आणि सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द आपण त्यांत घातले, असे त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने १९८४ मध्ये सांगितले.

मेटा शब्दकोड्याच्या कसोट्या लावल्या तर या शब्दांतील उणीव दिसते. ते वेगवेगळ्या दिवशीच्या कोड्यांत विखुरलेले होते, त्यांच्या जागांत नियम नव्हता, त्यांच्याकडे लक्ष वेधणारे शीर्षक वा सूचना नव्हती आणि त्यांच्यातून पुढे काहीही निघत नव्हते. ते अर्थपूर्ण वाटले, कारण वाचणाऱ्यांना त्या नावांचे महत्त्व आधीच ठाऊक होते. मेटा सोडवणाराही मनात आधीपासून असलेला शब्द चौकटीत शोधू लागला, की याच प्रकारे फसतो.

## न्याय्यतेचे निकष

गूढ शब्दकोड्यांच्या ब्रिटिश परंपरेत ‘आफ्रिट’ या टोपणनावाने लिहिणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये एक तत्त्व मांडले. रचनाकाराच्या शब्दांचा वरवरचा अर्थ दिशाभूल करणारा असू शकतो, पण शब्दशः वाचल्यास त्यांतून योग्य अर्थ निघालाच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. मेटा शब्दकोड्यालाही ते लागू केले जाते. त्यातून पुढील निकष सामान्यतः मानले जातात.

- उत्तर एकच असावे आणि ते सापडल्यावर पर्यायी उत्तराची शंका राहू नये.
- रीत सर्व विषयशब्दांना अपवादाशिवाय लागू पडावी.
- रीत शोधण्यासाठी लागणारा धागा कोड्यातच असावा. तो रचनाकाराच्या मनात असून चालत नाही.
- अतिविशिष्ट ज्ञानाशिवाय कोडे अडू नये. लागणारी माहिती संदर्भग्रंथांत मिळण्याजोगी असावी.
- चुकीची वाट चालेल, पण ती मुद्दाम जवळजवळ पूर्ण उत्तरापर्यंत नेणारी नसावी.

शेवटच्या निकषाबाबत रचनाकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते चकवा हा खेळाचाच भाग आहे, तर सोडवणाऱ्याचा विश्वास गमावण्याइतके मोल त्याला नाही, असे इतरांचे मत आहे. ‘नवनरी’सारखी वाट पहिल्या मताच्या रचनाकाराला आवडेल, तर दुसरा रचनाकार ‘सामान’च्या जागी दुसरा शब्द शोधेल. दोन उत्तरे तितकीच समर्थनीय ठरल्यास दोन्ही स्वीकारली जाण्याची उदाहरणे स्पर्धांत आढळतात.

## देवनागरी लिपी आणि भारतीय परंपरा

मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांत एका घरात एक अक्षर त्याच्या स्वरचिन्हासह लिहिले जाते, आणि जोडाक्षरही एकाच घरात बसते. याचा मेटा रचनेवर थेट परिणाम होतो. इंग्रजीत घरांत येणारी चिन्हे सव्वीसच असल्यामुळे अक्षरबदलाच्या रीती सोप्या जातात. मराठीत ‘र’ आणि ‘री’ ही दोन वेगळी घरे ठरतात. त्यामुळे शब्द छेदणे व अक्षरे गोळा करणे अवघड होते, पण योगायोगाने चुकीचा शब्द तयार होण्याची शक्यताही कमी होते. स्वरचिन्हे तेवढी बाजूला काढून वाचणे, जोडाक्षरे फोडणे किंवा व्यंजन तेच ठेवून स्वर बदलणे, अशा खास देवनागरीतील रीतीही शक्य होतात.

दडवलेल्या उत्तराची कल्पना भारतीय साहित्याला नवी नाही. संस्कृत चित्रकाव्यात प्रहेलिकांचे ‘अंतर्लापिका’ आणि ‘बहिर्लापिका’ असे दोन प्रकार मानले जातात. पहिलीचे उत्तर श्लोकातील शब्दांतच असते, तर दुसरीचे श्लोकाबाहेर शोधावे लागते. हेच वर्गीकरण लावले, तर साध्या शब्दकोड्यातील भरलेल्या चौकटीतच ज्याची अक्षरे सापडतात ते मेटा उत्तर अंतर्लापिकेच्या जवळचे ठरते. मराठीत समर्थ रामदासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका पद्यपत्रात चरणांची आद्याक्षरे जोडली असता विजापूरचा सरदार निघाल्याचा निरोप वाचता येतो, अशी आख्यायिका आहे. आधुनिक साहित्यात व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हेन सिस्टर्स’ या कथेच्या अखेरच्या परिच्छेदातील शब्दांच्या आद्याक्षरांत असाच एक संदेश आहे, आणि तो कथेतील निवेदकाच्या लक्षात येत नाही.